शिडीमास्तरांची उंची

मी पियानोपुढचा बाक बोलतोय. पियानो नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. घरात येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यावरून हात फिरवत "अहाहा, काय वाद्य आहे!" म्हणतो आणि माझ्यावर आपली पिशवी ठेवतो. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे, आता वाटत नाही.

माझ्या फळीला मधोमध गाठ होती. कपाटवाल्यानं ती नाकारली, टेबलवाल्यानंही नाकारली. सुतार म्हणाला, "वर गादी येणार, गाठ कोण बघतंय?" आणि अशा रीतीनं माझा जन्म झाला. कापसाची गादी, तिच्यावर काळं कातडं, पोटात लोखंडी स्क्रू आणि दोन्ही बाजूंना लाकडी मुठी. मुठी फिरवल्या की मी वर-खाली होतो. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. माझी त्यांच्याशी ओळख दुसऱ्या टोकाकडून होते, आणि ते टोक सहसा खोटं बोलत नाही.

माझे पहिले मालक पियानो शिकवायचे. ते इतके उंच होते, की विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव शिडीमास्तर ठेवलं होतं. त्यांच्यासाठी मला बरंच खाली उतरावं लागे, तरी त्यांचे गुडघे पियानोला लागायचेच. बसल्यावर ते लगेच वाजवत नसत. हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहायचे. हळूहळू त्यांचं सगळं वजन माझ्यात उतरायचं, मग कधीतरी हात वर जायचे.

त्यांची लेक लहानखुरी होती. तिला शिकवताना ते स्वतः वाकून मला वर चढवायचे. "आधी बूड टेकव, मग बोटं," असं म्हणायचे. ती खुदकन हसायची. धडा संपला की मी परत खाली.

लेक मोठी झाली, तिनं दुसऱ्या गावी नाचाच्या शाळेत पियानो वाजवायची नोकरी धरली. वर्षं गेली. एका सकाळी चहा पिऊन मास्तर आडवे झाले ते उठलेच नाहीत. लेक परत आली. वडिलांचं घर, वडिलांचे विद्यार्थी आणि वडिलांचा पियानो तिच्याकडे आला. तिला आता सगळे बाई म्हणू लागले.

बाई रोज फडकं मारायच्या. पियानो पुसायच्या, माझं कातडं पुसायच्या, पण मुठींपाशी आलं की फडकं वळसा घालून जायचं. मला शेवटचं खाली उतरवलं होतं ते मास्तरांनी. त्या उंचीला बाईंनी हात लावला नाही, विद्यार्थ्यांनाही लावू दिला नाही. आणि खरं सांगतो, मलाही ते आवडलं. घरात मास्तरांचं मोजमाप फक्त माझ्यापाशी उरलं होतं. स्क्रूवर गंज चढत होता, मी चढू दिला. आतून घट्ट धरून बसलो.

दोन वर्षांनी जुन्या विद्यार्थ्यांनी मास्तरांच्या आठवणीत कार्यक्रम ठरवला. मास्तरांचा आवडता, लांब आणि अवघड तुकडा बाईंनी वाजवायचा. बाई रोज सहा-सहा तास बसू लागल्या. बसू लागल्या म्हणजे काय, टेकू लागल्या. माझ्या पुढच्या काठावर जेमतेम, उंची मिळवायला टाचा उचललेल्या, श्वास कोंडलेला. मी त्यांच्या मानानं फार खाली होतो. हात पियानोच्या पट्ट्यांपर्यंत पोचवायला खांदे कानापर्यंत उचलावे लागत आणि मनगटं मोडून धरावी लागत. निम्मं वजन माझ्यावर यायचंच नाही. त्या वजनाची मी दिवसभर वाट बघायचो.

मग उजवं मनगट दुखू लागलं. आधी मलमाचा वास आला, मग मनगटाला बांधायची पट्टी आली. एकदा हातातून पाण्याचा पेला सुटला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आत्ता थांबा. नाहीतर पुढं वाजवणं कायमचं बंद होईल." हे मला कळलं, कारण बाईंनी ते फोनवर आत्याला हसत हसत सांगितलं. आणि फोन ठेवून पुन्हा येऊन बसल्या. दुखणं अंगावर काढायची या घराला सवयच.

कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले तेव्हा पियानो सुरात लावणारे ट्यूनरकाका आले. दुपारची वेळ होती. पडद्यातून पिवळट ऊन येत होतं आणि त्यात धुळीचे कण कुठंच जायचं नसल्यासारखे तरंगत होते. काका पियानोची एक पट्टी दाबायचे आणि तो आवाज विरून जाईपर्यंत मान कलती करून थांबायचे. पुढच्या पट्टीची त्यांना काही घाई नव्हती. ते थांबणं ऐकता ऐकता मला गुंगी आली. मी पुन्हा सुताराच्या दुकानात पडलोय, अजून माझं काहीच झालेलं नाही, असं वाटलं. फार बरं वाटलं.

"काका, जरा लवकर होईल का? सराव राहिलाय," बाई म्हणाल्या.

"होईल की. पण तारेला घाई कळत नाही. ओढली की थोडी मागं सरते. तिला बसू द्यावं लागतं." काकांनी तारा पिळायची चावी खाली ठेवली. "चीनमधले ताओ मानणारे काय म्हणतात ठाऊक आहे? जोर लावून होतं, त्याहून जोर काढून घेतला की जास्त होतं. पाणी बघा. कुणाशी भांडत नाही, पण पोचतं."

"पाण्याला पंधरा दिवसांनी कार्यक्रम नसतो, काका."

काका खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "बरं, वाजवून बघा कसा लागलाय ते."

बाई वाजवू लागल्या. काका तारांकडे बघेचनात. ते बाईंच्या खांद्यांकडे बघत होते. थोड्या वेळानं ते वाकले आणि त्यांनी माझ्या मुठीला हात घातला.

"हात लावू नका!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की मीच दचकलो. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती बाबांनी लावलेली उंची आहे."

"असं होय. आणि तुमची कुठली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मास्तर असते तर ही मूठ पहिल्यांदा त्यांनीच फिरवली असती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला बोलता कुठं येतं? आणि येत असतं तरी मी बोललो असतो का, याची आज मला खात्री नाही.

"बाबांचे कपडे देऊन टाकले," बाई म्हणाल्या. "चष्मा दिला. खोलीसुद्धा बदलली. एवढंच त्यांनी ठेवलं तसं राहिलंय." माझ्या कातड्यावर दोन थेंब पडले.

काकांनी कानामागची पेन्सिल काढली. "मग असं करू. स्क्रूवर बारीक खूण करून ठेवतो. वाटेल तेव्हा परत तिथंच आणता येईल."

बाईंनी ती पेन्सिल बाजूला सारली. 

"नको," त्या म्हणाल्या. "खूण असली, तर मी परत तिथंच जाईन."

त्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि डाव्या हातानं मूठ धरली. मी अडून राहिलो. काकांनी तेलाचे थेंब सोडले. बाईंनी उजवा, पट्टी बांधलेला हातही लावला. मग माझ्यानं राहवलं नाही. मी सोडून दिलं. केवढ्यांदा करकरलो मी! मास्तरांची उंची गेली. आता ती कुणालाच सापडणार नाही, मलासुद्धा नाही.

बाई बसल्या. त्यांचे तळपाय जमिनीला टेकले, खांदे उतरले. कोंडलेला श्वास बाहेर पडला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं सगळं वजन माझ्यात आलं. त्यांनी काही वाजवलं नाही. काका अवजारं गोळा करून हळूच निघून गेले.

कार्यक्रम झाला, पण त्यात बाई श्रोत्यांत बसल्या. पुढचे तीन महिने त्या रोज सकाळी माझ्यावर येऊन नुसत्या बसायच्या, हात मांडीवर ठेवून. बाहेर कुणाची तरी सायकल जायची, नळ गळायचा, आतल्या तारा त्या आवाजांना अगदी बारीक साथ द्यायच्या. मग एक दिवस एक पट्टी वाजली. दुसऱ्या दिवशी दोन. थंडीत बाईंची करंगळी अजून बधिर होते. तो लांब तुकडा काही परत आला नाही, बहुधा येणारही नाही. त्या लहान लहान तुकडे वाजवतात आणि मनगट कुरकुरलं की मधेच थांबतात.

आता माझं कातडं फाटलंय आणि कापूस बाहेर डोकावतो. दिवसभरात दहा विद्यार्थी येतात, मी दहा वेळा वर-खाली होतो. गंजायला सवडच नाही.

माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, "मला विसरू नका." माझं मागणं उलटं आहे. वाजवणाऱ्यांनो, आधी मला तुमच्या मापाचं करा, मग नीट बसा, आणि मग मला खुशाल विसरा. बाक टोचत असला तरच तो आठवतो. बरोबर असला, तर खाली बाक आहे हेही ध्यानात राहत नाही.

काल सकाळी बाई अर्धा तास वाजवत होत्या. मी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. इतकं सुख मला मास्तरांच्या काळातसुद्धा मिळालं नव्हतं.