बिनचूक तराजूचा जळफळाट

सरळच सांगून टाकतो, मी जळतो. औषधांच्या दुकानात काचेच्या पेटीत बसलेला, दोन पितळी पारड्यांचा मी एक तराजू. मला माणसांचा हेवा वाटतो, आणि तो काही आजचा नाही. तुम्ही म्हणाल, तराजूने कसं समतोल असावं! तेच तर दुखणं आहे. समतोल राहून राहून माझ्या पोटात दुखायला लागलंय.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो माझी दांडी कानशीने घासताना श्वास रोखून धरायचा. शेवटी त्याने स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटून पारड्यात ठेवला आणि माझा काटा सरकलेला पाहून बायकोला हाक मारली, "अगं, बघ तरी! केसाचंही वजन सांगतोय!" ती म्हणाली, "मग आता आणखी उपटू नका. उरलेत किती!" जड असेल तिकडे झुकायचं, हे माझं त्या दिवशीच ठरून गेलं. मला आवडनिवड नाही आणि 'आज नको, उद्या बघू' म्हणायची सोयही नाही.

तिथून मी पुडीवाल्यांकडे आलो. त्यांचं खरं नाव लोक विसरलेत. मोठ्यांची गोळी लहान मुलांना झेपत नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ते औषध खलात बारीक करतात, माझ्यावर तोलतात, साखरेत मिसळतात आणि इवल्याइवल्या पुड्या बांधून देतात. त्यांची थोरली बहीण, ताई, गल्ल्यापाशी बसते. बावीस वर्षं मी या दोघांना पाहतोय.

पुडीवाले स्वभावाने भित्रे. शेजारचा दुकानदार यांच्या पायरीवर कचरा लोटतो आणि हे गुपचूप झाडून काढतात. पण बोलण्यात एक शब्द सारखा, 'मी ठरवलं'. मी ठरवलं की आज लवकर उठायचं, मी ठरवलं की निळा सदरा घालायचा. 'मी ठरवलं' म्हणताना माणसाची मान किती ताठ होते, ते पाहून माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

रोज सकाळी दुकानातल्या स्टुलावर मास्तर येऊन बसत. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

"चेंडू फेकला की कुठे पडणार, हे फेकतानाच ठरलेलं असतं," ते म्हणत. "तुमचा मेंदूही त्याच जगातला. आधी जे घडलं त्याने तो ढकलला जातो. तुम्ही मागाहून म्हणता, मी ठरवलं."

"काहीतरीच, मास्तर! सकाळी चहा घ्यायचा की कॉफी, हे माझं मी ठरवतो."

"वीस वर्षं चहाच घेतोय," ताई गल्ल्यावरून म्हणायची.

एकदा मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा तराजू आणि तुम्ही सारखेच. फक्त हा बढाया मारत नाही." त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा कधी झाला नाही.

मग ती सकाळ आली. मास्तरांच्या नातीला झटके यायचे. पाच वर्षांची पोर. तिच्या महिन्याच्या पुड्या करायच्या होत्या. पुडीवाल्यांची एक पद्धत आहे. पारडं खराब होऊ नये म्हणून औषधाखाली एक कागद, आणि भार सारखा राहावा म्हणून वजनांखाली त्याच गठ्ठ्यातला दुसरा. जोडीचे कागद. पातळ कागद संपत आले, म्हणून ताईने त्या दिवशी नव्या जाड कागदांचा गठ्ठा कापून उजवीकडे ठेवला होता. जुना डावीकडे होता.

औषधाखालचा कागद जुन्या गठ्ठ्यातून घेऊन झाला आणि तेवढ्यात मास्तरांनी डिवचलं. "बघा, आता दुसराही डावीकडूनच उचलणार. मी लिहून देतो!"

पुडीवाल्यांचा हात हवेत थांबला. ते हसले. "नाही उचलत! हा घेतला उजवीकडचा. सांगा, आता हे कुणी ठरवलं?" मास्तरही हसले, ताईही हसली. हसण्याच्या भरात वजनांखाली जाड कागद गेला.

त्या दोन कागदांतला फरक जवळजवळ त्या औषधाएवढाच होता. मी काय करणार? दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत औषध मागत राहिलो. काटा मध्यावर आला तेव्हा पोरीचं औषध दुप्पट झालं होतं. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? मास्तर पुड्या घेऊन गेले.

दुपारी दुसऱ्या कुणाचं औषध तोलायला पुडीवाल्यांनी वजनं उचलली आणि खालचा जाड कागद त्यांच्या हाताला लागला. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"ताई, मास्तरांच्या नातीला पुडी दिली असेल गं."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई पक्की व्यवहारी. "हे बघ, अजून कुणाला काही माहीत नाही. उद्या काही निघालंच तर तराजू बिघडलाय म्हणू. जुनाच आहे. लायसन गेलं तर खायचं काय?"

तुम्हाला वाटेल, मी संतापलो असेन. छे! मी हरखून गेलो. म्हणा ना, मनात ओरडलो मी, फोडा खापर माझ्या माथी! आयुष्यात एकदा तरी कुणी म्हणू दे की हे 'मी' केलं!

आणि मला खात्री होती. बावीस वर्षं पाहिलेला माणूस. शेजाऱ्याशी भांडायची ज्याला छाती नाही, तो मान हलवेल, कागद चुरगळेल, टोपलीत टाकेल. माझा काटा जसा जड बाजूला जातो, तसाच हा सोप्या बाजूला जाणार. मी मास्तरांसारखं लिहूनही दिलं असतं.

पुडीवाल्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि ते मास्तरांच्या घराकडे धावत सुटले. एक चप्पल दारातच राहिली.

हेही आधीच ठरलेलं होतं का? मास्तर म्हणतील, होतं, आपल्याला कारणं दिसली नाहीत इतकंच. असेलही. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी एवढंच पाहिलं की तो माणूस उभा होता तेव्हा त्याचे गुडघे थरथरत होते, आणि त्या गुडघ्यांनिशी तो पळाला. मी हजारो वेळा झुकलोय. एकदाही थरथरलो नाही.

पोर दोन दिवस दवाखान्यात गुंगीत होती. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले ते ओरडतच. "तुमचा हात चालला कसा? पाच वर्षांची पोर आहे हो ती!"

ताई चवताळली. "सगळं ठरलेलंच असतं ना, मास्तर? मग याला कशाला बोलता?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. हळू आवाजात म्हणाले, "खरंय. डिवचलं मीच. तुम्ही तरी काय करणार?"

"कागद मी कापले होते," ताई पुटपुटली. "आणि तराजूही जुना..."

पुडीवाल्यांनी मला पेटीतून काढलं, टेबलावर ठेवलं. "तराजू बिनचूक आहे, ताई. कागद तू कापलेस, डिवचलं मास्तरांनी. पण उचलला मी. चूक माझी आहे."

सगळे आयती पळवाट देत होते आणि हा माणूस ती नाकारत होता! माझ्या अंगाची आग आग झाली. एवढी मौल्यवान वस्तू, आणि त्यातला कणही कुणाला द्यायला तयार नाही!

त्यांनी आपणहून औषध खात्याला कळवलं. सहा महिने पुड्या बंद झाल्या. मी पेटीसकट कपाटात गेलो, माझ्यावर फडकं आलं. गेल्या आठवड्यात मास्तर येऊन स्टुलावर बसले. फडक्याआडून मी ऐकलं.

"तुम्हाला माफ केलं, हे सांगायला आलोय. माझ्या शास्त्रात या शब्दाला काही अर्थ नाही. तरी आलो."

मग पुडीवाल्यांचा रडण्याचा आवाज आला, मोठ्या माणसाचा, लाज सोडून.

त्या आवाजाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा 'मी ठरवलं'चा कधी वाटला नव्हता. मला कुणी कधी माफ करणार नाही, कारण माफ करण्यासारखं माझ्या हातून काही घडूच शकत नाही. म्हणून हात नसलेला मी तुमच्यापुढे हात जोडतो. कधी या दुकानात आलात, तर फडकं बाजूला करा, माझ्याकडे रागाने बघा, आणि खोटं का होईना, एकदा म्हणा, "हे तू केलंस."