उपास धरून या

"काका, सकाळपासून पोटात काय गेलंय का?" रक्ताची नळी उजेडात धरून शबनूरनं विचारलं. यंत्रात फिरवल्यावर वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं. हे तर पातळ ताकासारखं गढूळ होतं.

"न्हाय की. उपास हाय माझा," कागलहून आलेले अण्णासो म्हणाले.

त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी लगेच साक्ष दिली. "निस्ती साबुदाण्याची खिचडी आन म्हशीचं दूध. दुसरं काय बी न्हाय."

शबनूरनं कपाळाला हात लावला. वडीलधाऱ्या माणसाला 'उपाशी या' कसं म्हणायचं, म्हणून फोनवर तीच म्हणाली होती, उपास धरून या. तिच्या घरी उपास म्हणजे रोजा, पाण्याचा घोटही नाही. शेवंताबाईंच्या घरी उपासाला रोजच्यापेक्षा चार घास जास्तच जात असावेत. त्या स्निग्ध रक्ताचा आता काही उपयोग नव्हता. अण्णासोंच्या थरथरत्या हातातून ते काढताना तिघांच्याही नाकी नऊ आले होते, आणि चूक तिची होती.

पेशी आपल्यातली मोडतोड स्वतःच गोळा करून पुन्हा वापरतात. त्या कामातली प्रथिनं रक्तातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये सापडतात. त्यांवरून कंपवात लवकर ओळखता येईल का, हे शबनूरच्या प्रयोगशाळेला शोधायचं होतं.

"उद्या परत यावं लागंल, काका. माझंच चुकलं."

"येतो की. पर माझा रिपोट कवा मिळंल?"

संमतीपत्रावर सही घेताना सगळं सांगितलं होतं, पण आजारी माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. आता खरं सांगितलं तर हे परत यायचे नाहीत. 'मिळेल' म्हणणं किती सोपं होतं. शबनूरला स्वतःची लाज वाटली.

"रिपोट न्हाय मिळायचा, काका. तुमच्या दुखण्याला याचा उपयोग न्हाय. झालाच तर पुढच्यांना हुईल."

शेवंताबाई पिशवी घेऊन उठल्या. "चला मग. कशाला रगात द्यायचं फुकट?"

अण्णासो बसूनच राहिले.

"माझ्या बाचा हात बी असाच हलायचा," ते म्हणाले. "गाव म्हणायचं, दारू पितोय. मी बी म्हणायचो. थेंबाला शिवला न्हवता त्यो." मग शबनूरकडं बघून म्हणाले, "उद्या निस्तं पाणी पिऊन येतो."

ते शर्टाच्या बाहीचं बटण लावू लागले. काज सापडत नव्हतं. शबनूर पुढं झाली, तसं शेवंताबाईंनी तिला मानेनंच नको म्हटलं. बटण लागेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.