फाटकाला टेकवलेली कुंडी

मित्रांनो, मी एक जुना, पोहण्याचा तलाव झाडणारा यंत्रमानव आहे. मला वायर नाही. विजेवर पोट भरले की कोणीतरी मला पाण्यात सोडतो आणि मी बुडत बुडत तळाला जातो. राख, पाने, किडे सगळे पोटातल्या गाळणीत घेतो. शक्ती संपत आली की भिंत चढून काठाशी येतो आणि थांबतो. मग माणूस आकडीने ओढून मला बाहेर काढतो.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवते ते ओत्ताव्योचे घर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, चारी बाजूंनी ऊस. ओत्ताव्योचा बाप इटलीहून ऊस तोडायला आला आणि तिथलाच झाला. तिकडे तोडणीआधी उभा ऊस पेटवतात. मग आभाळातून काळी राख पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, ताटात पडते, आणि घरामागच्या पोहण्याच्या तलावात तर थरच धरते. त्या राखेसाठी मला आणले.

"बघ, तुझ्यापेक्षा छान झाडतो," त्याची बायको एर्सिलिया म्हणाली.

"आणि तुझ्यापेक्षा कमी बोलतो," ओत्ताव्यो म्हणाला.

एर्सिलिया रोज सकाळी पोहायची. तिचे केस लांब आणि पांढरे होते. गळलेले केस तळाला येत. काही गाळणीत जात, पण बरेचसे माझ्या ब्रशच्या दांड्याला आतून गुंडाळले जात. तो दांडा काढून साफ करायचा असतो. ओत्ताव्यो फक्त गाळणी धुवायचा.

मग एर्सिलिया आजारी पडली आणि गेली. मी पडवीत धूळ खात पडलो. तलाव हिरवा झाला. पुढच्या तोडणीला पुन्हा राख पडली, तेव्हा ओत्ताव्योने पाणी बदलले आणि मला आत सोडले. बाहेर काढून त्याने गाळणी उघडली. काळ्या राखेत एक लांब पांढरा केस होता.

तो काठावर तसाच बसून राहिला.

केस कुठून आला हे मला ठाऊक होते. दांड्यावरची गुंडाळी सैल होत होती आणि एकेक केस सुटत होता. पण मला तोंड नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक निघाला. ओत्ताव्योने मनाशी धरले की एर्सिलिया अजूनही पोहायला येते.

तिकडे प्रत्येक तलावाला कुंपण असते आणि आपोआप बंद होणारे फाटक असते, लहान मुले आत जाऊ नयेत म्हणून. शेवटी शेवटी एर्सिलियाची बोटे वाकडी झाली होती. तिला फाटकाची कडी उचलता येत नसे. म्हणून आता ओत्ताव्योने तुळशीसारख्या वासाच्या तिच्या बाझिलची जड कुंडी फाटकाला टेकवून ठेवली. फाटक उघडे राहू लागले.

खरे सांगतो, मीही घाबरू लागलो. समोर माणसाचे पाय आले तर मी वळतो, तशी माझी घडण आहे. खोल कोपऱ्यात, जिथे ती दम खायला थांबत असे, तिथे मी वळू लागलो. समोर नुसते पाणी असे.

एका रविवारी मुलगी निवेस आली. कडेवर नात मिएत्ता, नुकतीच चालायला लागलेली.

"पापा, फाटक उघडं कसं?"

"वारा येऊ दे की."

"वारा कुंपणातूनही येतो. ही आता घरभर पळते, बघताय ना?"

ओत्ताव्यो खाली बघत म्हणाला, "तुझी आई येते गं. तिला ती कडी निघत नाही."

निवेस फाटकाशी गेली. तिने कुंडी बाजूला केली. फाटक खट्कन बंद झाले. ती स्वयंपाकघरात गेली तसा ओत्ताव्यो उठला आणि कुंडी पुन्हा लावून आला.

मी पाण्यात होतो. माझी शक्ती संपत आली. मी भिंत चढून काठाशी आलो, पाठ पाण्याबाहेर. मिएत्ता मला कासव म्हणायची. ती उघड्या फाटकातून दुडुदुडु आली.

"काशव! ये!"

तिने वाकून हात पुढे केला. मला मागे सरकता आले नाही. ती माझ्या शेजारून खाली गेली, डोळे उघडे ठेवून. बुडणारे मूल ओरडत नाही, मित्रांनो. घरात ताटे मांडण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात आकडी घेऊन ओत्ताव्यो आला. आजचा केस बघितल्याशिवाय त्याला धीर निघत नव्हता. त्याने आकडी टाकली आणि बुटांसकट उडी मारली. मिएत्ता वर आली, खोकली, ओकली, आणि मग रडली. त्या रडण्याएवढा चांगला आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

रडणे ऐकून निवेस धावत आली आणि तिने पोरीला छातीशी धरले.

"मीच उघडं ठेवलं," ओत्ताव्यो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

त्या उडीत माझ्यावर बूट बसला आणि माझा ब्रश अडकला. संध्याकाळी निवेसने मला उलटे करून दांडा ओढून काढला. त्यावर पांढऱ्या केसांचे जाड वेटोळे होते. तिने तो बापापुढे धरला.

"आई इथं होती, पापा. दांडा साफ कर, दांडा साफ कर, म्हणून तुमच्या मागे लागायची ना?"

"मला वाटायचं, उगाच कटकट करते," ओत्ताव्यो म्हणाला. त्याने वेटोळ्यावरून बोट फिरवले. मग तो उठला, दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि फाटक लागले.

आता माझ्या गाळणीत नुसती राख निघते. तरी तो ती बोटांनी चाळून बघतो. बघू दे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वरवर धुऊ नका, आत अडकलेलेही काढत जा. आणि तलावाचे फाटक गेलेल्या माणसांसाठी उघडे ठेवू नका. त्यांना कडी आडवी येत नाही. ती ज्यांना आडवी यायला हवी, ती पोरे फार लहान असतात.