कमानीत अडकलेला ओरेस्ते

इटलीतल्या समुद्रकाठच्या गाएता गावाच्या जुन्या भागातली आमची गल्ली खालच्या चौकातून निघते आणि चढत चढत चर्चपर्यंत जाते. मध्ये एक कमान आहे. तिच्याखाली दोन जाडी माणसं समोरासमोर आली, तर एकाला मुकाट मागे सरावं लागतं. त्या शनिवारी सकाळी तिथे एक मोटारगाडी शिरली.

मी वर खिडकीत बसून मटार सोलत होते. आधी करकर असा आवाज आला, आणि त्यामागोमाग एरास्मिना मावशीचा. मावशी माझ्या खालच्या मजल्यावर राहते. तिने दार उघडलं, तर उंबऱ्याशी गाडीचं नाक.

"कुठे निघालात?" मावशीने विचारलं.

"समुद्रावर," आतला माणूस म्हणाला.

"समुद्र तुमच्या पाठीमागे आहे."

माणसाचं नाव ओरेस्ते. फ्रोझिनोने शहरातून बायकोला घेऊन शनिवार-रविवारसाठी आला होता. दोन्ही बाजूंनी भिंती अशा चिकटल्या होत्या, की दारं उघडेनात आणि खिडक्यांच्या काचा खाली केल्या तरी समोर दगडच. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'ओरेस्ते ड्रायव्हिंग स्कूल. शिका निर्धास्त.' ते वाचायला अर्धी गल्ली खालच्या बाजूला जाऊन आली.

"मी तुला म्हटलं होतं, मागे घे," आतून बायकोचा आवाज आला.

"निवेस, गाडी किती रुंद आहे हे मला कळतं. गल्लीच अरुंद निघाली."

गाडीच्या टपाला एक झरोका होता. निवेस सडपातळ, ती त्यातून सरळ वर आली, बॉनेटवरून उतरली आणि केस नीट केले. मग ओरेस्ते निघाला. डोकं आलं, खांदे आले, आणि पोटापाशी गाडं थांबलं. तो बराच वेळ टपावर कोपरं टेकून तसाच राहिला, मग हळूहळू आत बुडाला.

आम्ही पुढून ढकललं, मागून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. गाड्या ओढून नेणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारी येतो म्हणाला.

निवेसने घड्याळ पाहिलं. "मग मी समुद्रावर जाऊन येते. तू कुठे जाऊ नकोस."

जाता जाता मात्र तिने आम्हाला बजावलं, "त्याला खायला काही देऊ नका. उद्यापर्यंत उपाशी राहिला तर आपोआप बाहेर येईल."

मावशीने ती वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "माझ्या दारात माणूस उपाशी? लोक काय म्हणतील?"

आमच्याकडे प्रत्येक खिडकीत दोरीला बांधलेली टोपली असते, खालून भाजी घ्यायला. गाडीचं पुढचं अंग कमानीबाहेर आलं होतं आणि माझी खिडकी नेमकी त्या झरोक्यावर. मी तिएल्लाचा, म्हणजे आमच्याकडच्या भरल्या जाड रोटीचा, मोठा तुकडा ठेवला, आत ऑक्टोपस आणि काळे ऑलिव्ह भरलेला, आणि टोपली सोडली. ती झरोक्यातून आत गेली. जरा वेळाने दोरीला हलका झटका बसला. वर ओढली तर टोपली रिकामी, आणि खालून आवाज : "बाई, ऑलिव्हच्या बिया कुठे टाकू?"

त्यानंतर टोपलीला विश्रांती मिळाली नाही. समोरच्या घरातून कॉफी आली, कुणी पीच पाठवले. मावशी स्वतः बॉनेटवर उशी टाकून बसली आणि काचेतून बघत, झरोक्यातून पानं देत-घेत त्याच्याशी पत्ते खेळायला लागली. ती आपले पत्ते छातीशी धरायची, पण ओरेस्तेचे मात्र त्याच्या मागच्या काचेत दिसायचे. तो सारखा हरत होता.

"मावशी, तुमचं नशीब जबरदस्त आहे."

"देवाची कृपा. पानं वाट."

संध्याकाळी निवेस उन्हाने लालबुंद होऊन परतली. तिने झरोक्यातून आत वाकून वास घेतला.

"ऑक्टोपस खाल्लास."

"अगं, समुद्रावर आलोय. थोडा तरी नको का?"

त्यांच्या भाड्याच्या खोलीला गच्ची होती, तिथे जाऊन ती मस्त झोपली, असं तिनेच नंतर सांगितलं.

रविवारी दुपारी खरी पंचाईत झाली. आमच्या मोहल्ल्याच्या मातेच्या मूर्तीची मिरवणूक चर्चमधून निघून याच गल्लीने बंदरावर उतरते. दुसरा रस्ता आहे, पण तो पलीकडच्या मोहल्ल्यातून जातो, आणि त्यांच्या दारावरून आपली माता न्यायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. बँड वाजत खाली आला आणि गाडी बघून एकेक वाद्य बंद पडत गेलं. शेवटी एकटा ढोलवाला राहिला, त्यालाही कुणीतरी कोपर मारलं.

फादर लिबेरातो पुढे आले. गाडीच्या काचेतून ओरेस्तेने त्यांना वाकून नमस्कार केला. त्याच्या गळ्यात रुमाल होता आणि हातात अर्धं पीच.

"हे काय आहे?" फादरनी विचारलं.

"फ्रोझिनोनेचे पाहुणे," मावशी म्हणाली.

मातेची पालखी उचलणारे सगळे कोळी. त्यांचा म्होरक्या कोसिमो. त्याने पालखी अलगद खाली ठेवायला लावली आणि बाह्या सरसावल्या. मावशीने घरातून तेलाचा डबा आणून गाडीच्या दोन्ही अंगांना, जिथे हात पोचेल तिथे, ऑलिव्हचं तेल ओतलं. कोळी आणि ट्रम्पेटवाले मिळून ढकलायला लागले. माणसं घामाघूम झाली, गाडी तिथेच.

एवढ्यात निवेस आली. खांद्यावर टॉवेल, हातात आइस्क्रीम. तिने एक मिनिट बघितलं.

"ओरेस्ते," ती म्हणाली, "हँडब्रेक काढलायस ना?"

ढकलणारे सगळे थांबले.

"चढावर गाडी उभी असेल तर हँडब्रेक लावायचा असतो," ओरेस्ते म्हणाला. "मी मुलांना पहिल्या दिवशी तेच शिकवतो."

"कालपासून?"

"नियम सगळ्या दिवसांना सारखाच असतो."

कोसिमोने डोळे मिटून मातेकडे तोंड केलं आणि काहीतरी पुटपुटला. ते मागणं होतं की माफी, कळलं नाही. मग आतून कट्ट असा आवाज आला. सगळ्यांनी एकदा रेटा दिला, कर्र झालं, आणि गाडी भिंतींतून सुटून उलटी उताराला लागली.

ब्रेक दाबत, माणसाच्या चालीने, ओरेस्ते तिला खाली नेऊ लागला. मानलं पाहिजे, उलटी गाडी त्या वाकड्या गल्लीतून त्याने अशी उतरवली की पुन्हा कुठे घासली नाही. बँडवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पालखी उचलली गेली. पुढे ओरेस्ते उलटा चाललेला, तोंड मातेकडे, आणि मागून माता. गच्च्यांवरून बायकांनी फुलं उधळली, त्यांतली निम्मी झरोक्यातून आत पडली. तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने लोकांना अभिवादन करत होता. पलीकडच्या मोहल्ल्याचे लोक चौकात उभे होते. त्यांना वाटलं, आमच्याकडे यंदा काहीतरी नवी प्रथा सुरू झाली. अजूनही त्यांचा तोच समज आहे आणि आम्ही तो मोडलेला नाही.

चौकात दार उघडलं. ओरेस्तेने एक पाय बाहेर ठेवला, दुसरा ठेवला, आणि मुंग्या आल्यामुळे मावशीच्या अंगावर कोसळला.

"सांभाळून," मावशी म्हणाली. "शिका निर्धास्त."

निवेसने त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ पाण्याकडे नेलं. पँट दुमडायचं त्याला भान राहिलं नाही. गुडघाभर पाण्यात तो उभा राहिला, सूर्य खाली चालला होता, त्याच्या केसांत फुलं होती आणि किनाऱ्यावरचे लोक आपापल्या छत्र्यांखाली पडले होते.

"छान आहे," तो म्हणाला. "पण इथे माणसं कुणाशी बोलत नाहीत का?"

निवेसने आइस्क्रीमचा उरलेला कोन त्याच्या हातात दिला आणि पोहायला गेली.