पळायला म्हणून मिळालेला तास

मॅरेथॉन संपली तेव्हा मिझुएला वाटलं होतं, आता पळणं सोपं होईल. एवढं अंतर पायाखालून गेलं, मग रोजचं थोडंसं काय मोठं! झालं उलटंच. नोव्हेंबरात ती पळून आली, सुट्टी घेतली म्हणून रिवाजाप्रमाणे कामावर सगळ्यांना मिठाईचा खोका वाटला, सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि त्यानंतर दाराशी ठेवलेले बूट जे तिथे बसले ते बसलेच.

कारण साधं होतं, पण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आधी कॅलेंडरवर एका तारखेभोवती लाल गोल होता आणि त्या गोलाच्या जिवावर तिला घराबाहेर पडता येत होतं. नवरा, तोमोहारु, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून दमून आलेला असला तरी "जा जा, तुझी स्पर्धा आहे" म्हणत भांड्यांना हात लावायचा. सासूबाई चार घरं पलीकडून येऊन लहानग्या लेकीला, इतोला, सांभाळायच्या. स्पर्धा झाली, कॅलेंडरचं पान उलटलं. "झालं ना एकदाचं? आता जरा विसावा घे," तोमोहारु म्हणाला. तो मनापासूनच म्हणाला. पण विसावा म्हणजे साचलेलं धुणं, इतोचा हिवाळी खोकला आणि वृद्धाश्रमातली तिची नोकरी. तिथे ती आहारतज्ज्ञ होती. कुणाला गिळता येईल, कुणाला चावता येईल, कुणाच्या पेजेत किती मीठ, हे दिवसभर तिच्या डोक्यात असायचं आणि एक कान सतत फोनकडे. पाळणाघराचा फोन ती पहिल्याच घंटेला उचलायची. "इतोचं अंग जरा कोमट लागतंय हो..." एवढं ऐकलं की पेज तिथेच टाकून पळायचं. तेवढंच काय ते पळणं उरलं होतं.

तारीख होती तोवर तिचं पळणं हे काम होतं. तारीख गेली आणि ती चैन झाली. चैन मागायची कशी?

मग डिसेंबरात शिओइरी या त्यांच्या वस्तीची सभा भरली. दर फेब्रुवारीत गावातल्या सगळ्या वस्त्यांची टप्प्याटप्प्याने पळायची शर्यत असते. खांद्यावरून तिरपा घेतलेला कापडी पट्टा एकाने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. शिओइरी कधी पहिली आली नाही. पण तिचा पट्टा रस्त्यात कधी तुटलाही नाही, आणि वस्तीप्रमुख वाकासुगी-सान हे असं सांगत जणू पट्टा त्यांच्या पोटचं पोर आहे. फार मागे पडलेल्या वस्तीसाठी रस्ता किती वेळ अडवून ठेवणार? ठरलेली वेळ झाली की पुढच्या धावपटूला कोरा पांढरा पट्टा घालून सोडून देतात आणि वस्तीचा खरा पट्टा मागे राहतो. यालाच ते तुटणं म्हणत.

"तिसरा टप्पा बायकांचा," वाकासुगी-सान म्हणाले आणि त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "आपल्याकडे तर मॅरेथॉन पळलेल्या मिझुए-सान आहेत!"

"छे, मला कुठे जमणार," मिझुए म्हणाली.

"बघा, बघा."

"नाही हो, खरंच. माझ्याने नाही व्हायचं."

"केवढा हा विनय!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तिने तिसऱ्यांदा मान हलवली तोवर वाकासुगी-सानांनी टाळी वाजवली होती. इथे चांगल्या घरची बाई दोनदा-तीनदा नाही म्हणतेच. नाही म्हणाली नाही तरच लोक नावं ठेवतात. मिझुएला हे जन्मापासून माहीत होतं, तरी ती तशीच नाही म्हणाली, नेहमीच्या गोड आवाजात, नेहमीच्या हसऱ्या तोंडाने. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हताच.

घरी आल्यावर तोमोहारुने कॅलेंडरवर लाल गोल काढला. "रविवारी सकाळी एक तास तुझा. मी आणि आई बघतो इतोकडे."

तास मिळाला!

पहिल्या रविवारी ती पळायचे कपडे घालून गाडीने निघाली. समुद्राकाठच्या बांधाच्या रस्त्यावर वारा कापत होता. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईच्या दुकानामागे तिने गाडी लावली, म्हटलं दोन मिनिटं टेकावं. गाडीत ऊन आलं होतं. कुणी "आई" म्हणत नव्हतं. डोळे मिटले ते थेट तास सरल्यावर उघडले. गालांवर गार पाण्याचे हात फिरवून ती घरी गेली.

"कसं झालं?" तोमोहारुने विचारलं.

"पाय जड आहेत अजून."

खोटं नव्हतं. पुढच्या रविवारीही पाय जड होते, त्याच्या पुढच्याही. दर वेळी ती स्वतःला बजावून निघायची आणि दुकानामागे आल्यावर सीट मागे करायची. झोप उडाली की भीती वाटायची. शर्यत जवळ येत होती. पट्टा आपल्याच खांद्यावर तुटणार हे तिला आहाराच्या तक्त्याइतकं स्पष्ट दिसत होतं. खरं सांगितलं तर तास जाणार. नाही सांगितलं तर पट्टा. एक दिवस वाकासुगी-सान रस्त्यात भेटले, "सराव जोरात ना?" म्हणाले आणि तिच्या हातात संत्र्यांची पिशवी कोंबून गेले. ती संत्री तिच्या घशाखाली उतरेनात.

जानेवारीतल्या एका रविवारी काचेवर टकटक झाली. डोळे उघडले तर काचेला चिकटलेलं इतोचं चपटं नाक आणि त्यामागे सासूबाई, सायकलच्या टोपलीत ओली रजई.

मिझुए धडपडत बाहेर आली. 

"हिने रजई ओली केली," सासूबाई म्हणाल्या. "घरी वाळेना, म्हणून आणली."

"आई, मी... जरा वेळ..."

"घोरत होतीस."

"आई पळताना झोपते!" इतो आनंदाने ओरडली.

सासूबाईंनी रजई यंत्रात ढकलली, नाणी टाकली आणि बाकावर बसून गोल फिरणाऱ्या रजईकडे बघत राहिल्या. "तो पट्टा मी दोनदा शिवलाय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा तुझ्या सासऱ्यांनी तारेत अडकवून फाडला तेव्हा. कळलं?"

"हो, आई."

"मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तुझं तू सांग. पण गाडीत झोपू नकोस, मान धरेल."

त्या संध्याकाळी जेवताना इतोने जाहीर केलं, "आई गाडीत पळते." तोमोहारुला हसताना ठसका लागला. सासूबाईंनी न बघता लोणच्याचा तुकडा उचलला. "मुलांना काय, काहीही दिसतं."

त्यानंतर मिझुए दोनदा खरोखर पळाली. दोन्ही वेळा कुठूनशी आलेली कळ बरगडीत रुतली आणि ती चालत परत आली. नोव्हेंबरातली ती बाई, जी शेवटच्या चढावरही पाय उचलत होती, ती कुणीतरी वेगळीच असावी असं तिला वाटलं. तिचा हेवाही वाटला नाही. इतकी ती थकली होती.

शर्यतीच्या दिवशी डोंगरावरून वारा सुटला. दुसऱ्या टप्प्याची मुलगी लाल तोंडाने येऊन थडकली आणि निळा पट्टा मिझुएच्या हातात आला, घामाने ओला आणि गरम. तिने तो डोक्यातून घातला, खोचला आणि सुटली. सुरुवात बरी झाली. संत्र्याच्या बागेपाशी कळ आली. देवळाच्या पायऱ्यांपाशी दोन वस्त्यांच्या बायका तिला मागे टाकून गेल्या. त्यातली एक जाताना "सांभाळा हं" म्हणाली, अगदी जीव लावून. रस्त्याच्या कडेला सासूबाई इतोला उचलून उभ्या होत्या. इतो छोटा झेंडा हलवत "आई, झोपू नको!" ओरडत होती. बाजूचे लोक हसले. मिझुएला हसायला श्वास नव्हता.

शेवटच्या वळणावर तिला पट्टा बदलायची जागा दिसली. मासळी बाजारातला सोगाबे, चौथ्या टप्प्याचा, हात पुढे करून उभा होता. "या! या! या!" तो ओरडत होता. तिने खांद्यावरून पट्टा काढला, मुठीला गुंडाळला, हात लांब केला. तेवढ्यात पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस सोगाबेपाशी आला आणि त्याने त्याच्या गळ्यात कोरा पांढरा पट्टा घातला. शिट्टी वाजली. सोगाबे सुटला. पळता पळता त्याने मागे वळून तिच्याकडे मान झुकवली, जणू चूक त्याचीच होती, आणि वळणाआड गेला.

ती रेषेपर्यंत आली. घ्यायला कुणी नव्हतं. मूठ मिटलेलीच राहिली. मग तिने रस्त्याकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला, जसा सगळे करतात, आणि बराच वेळ वर आली नाही.

सभागृहात डुकराच्या मटणाचं गरम सार वाढलं जात होतं. तिला सगळ्यात आधी वाटी मिळाली.

"वारा फार होता," वाकासुगी-सान म्हणाले.

"फारच. असा वारा मी तरी पाहिला नव्हता," कुणीतरी म्हणालं.

"वाऱ्यापुढे काय चालणार!"

वारा सगळ्या वस्त्यांना तोच होता. हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येक जण तिला नवा वारा आणून देत होता. पट्टा तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. वाकासुगी-सानांनी तो एकदाही बघितला नाही. न बघण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते, ते तिला दिसत होतं.

"पुढच्या वर्षी मिझुए-सान याचा बदला घेतील!" ते शेवटी हसून म्हणाले.

"छे, मला नाही जमणार," ती म्हणाली आणि सगळे सुटल्यासारखे हसले.

"बघा! मागेही अस्संच म्हणाल्या होत्या."

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. मिझुएने वाटी खाली ठेवली.

"वाकासुगी-सान, मी विनयाने म्हणत नाहीये. मला पळायचं नाहीये."

हे तिच्या नेहमीच्या आवाजात निघालं नव्हतं. हात टाळीच्या आधीच थांबले. फक्त पातेलं रटरटत होतं.

"मी सराव केलाच नाही. रविवारी मी गाडीत झोपत होते. घरी झोपता येत नाही म्हणून. पट्टा माझ्यामुळे तुटला, वाऱ्यामुळे नाही." तिने पट्टा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि कपाळ चटईला टेकवलं.

 तोमोहारु वाटीत बघत होता, कान लाल.

"घोरतही होती," सासूबाई म्हणाल्या.

पातेल्यापाशी बसलेल्या वाकासुगी-सानांच्या बायकोने पळी आपटली. "आमचे हे इतकी वर्षं भल्या पहाटे मासे धरायला जातायत. एक मासा आणलाय का घरी? कुठे झोपतात, मी विचारलंय कधी?"

"अगं, ते वेगळं," वाकासुगी-सान पुटपुटले. हसू आलं, पण थोडंच. त्यांनी पट्टा उचलला, त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "धुवावा लागेल," ते म्हणाले. त्यांनी तिला माफ केलं की नाही ते त्या दिवशी कळलं नाही. नंतरही नाही.

घरी जाताना इतो तोमोहारुच्या पाठीवर झोपली होती. 

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय सांगणार? झोपायला एक तास दे, असं?"

"हो."

"दिला असतास?"

तो खरंच विचार करत राहिला. "माहीत नाही," तो म्हणाला. "पळायला म्हटलं की देता येतं. झोपायला म्हटलं की मलाच आधी झोप आठवली असती."

तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं तिला रस्त्याच्या दिव्यातही दिसली.

"मला तो तास हवाय," ती म्हणाली. "कशासाठी ते विचारू नकोस. गोल काढू नकोस. तुलाही एक घे."

"आई येईल दोन्ही वेळा?"

"त्यांना विचारू. त्या नाही म्हणाल्या तर ते खरंच नाही समजायचं."

तोमोहारुने इतोला पाठीवर वर सरकवलं. "बरं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती साध्या कपड्यांत निघाली. दुकानामागे गाडी लावली, सीट मागे केली, डोळे मिटले. थोडी झोप लागली, मग उडाली. आत धुलाईची यंत्रं घुमत होती. अजून वेळ होता आणि त्या वेळाचं काय करायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. मागच्या सीटखाली पळायचे बूट पडले होते. तिने ते घातले, मुख्यतः पाय गार पडले होते म्हणून. बाहेर आली, बांधावर चढली आणि लाटा अडवणाऱ्या भिंतीच्या टोकाशी असलेल्या दिव्यापर्यंत गेली. थोडी चालत, थोडी पळत. बघणाऱ्याने त्याला पळणं म्हटलं नसतं. कळ आली तेव्हा थांबली. कळ गेल्यावरही थोडा वेळ थांबली, कारण कुठे पोहोचायचं नव्हतं.

घरी आली तेव्हा तोमोहारु ओट्यापाशी होता. "किती प..." त्याने सवयीने सुरू केलं आणि जीभ चावली.

अर्धी भांडी घासलेली होती, अर्धी तशीच पडली होती. इतो कुठूनतरी खोकली. कोरडा खोकला, ताप नसावा. मिझुएने बाह्या वर केल्या, मग पुन्हा खाली ओढल्या, आणि दाराशी बूट काढायला बसली. हळूहळू, एक एक करून.