माझ्यात अर्धे मावत नाही

मित्रांनो, मी एका इस्पितळाच्या औषधांच्या प्रोग्राममधला जुना व्हेरिएबल आहे. माहिती ठेवायचा लहानसा डबा म्हणा हवे तर. माझे नाव डोस.

व्हेरिएबल वापरण्याआधी तो जाहीर करावा लागतो. त्याचे नाव काय आणि त्यात काय ठेवायचे, अक्षरे, तारीख, पूर्णांक की अपूर्णांक, हे तेव्हाच ठरते. मला घडवणाऱ्या प्रोग्रामर ताईंनी लिहिले, पूर्णांक.

शेजारचा सहकारी म्हणाला, "अगं, दशांशाची सोय ठेव."

"इथे सगळी मोठी माणसं. गोळी काय कुरतडून देणार आहेत?" ताई हसल्या.

तेव्हा ते खरेही होते. एक गोळी, दोन गोळ्या, मी चिठ्ठीवर नेमका छापला जाई. सगळे कौतुक करत. पुढे ताई नोकरी सोडून गेल्या आणि मला कोणी उघडूनही पाहिले नाही.

मग वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा वॉर्ड सुरू झाला. तोही माझ्याच गळ्यात पडला. एका सकाळी सिस्टरनी एका बाळासाठी अर्धा मिलिलिटर टाइप केले. पूर्णांकात अर्धे टिकत नाही; आमचा प्रोग्राम ते वरच्या पूर्ण आकड्यावर नेतो, त्याचे एक होते. मला कळत होते, पण ओरडायला तोंड कुठे आहे? चिठ्ठीवर छापले गेले, एक.

तिथे औषध पाजण्याआधी चिठ्ठी नातेवाइकांना वाचून दाखवतात. ऐकताच बाळाची मावशी म्हणाली, "अहो सिस्टर, काल डॉक्टरांनी हाताने लिहिलं तेव्हा अर्धा होता. एका रात्रीत बाळ एवढं वाढलं का?"

सिस्टरचा ड्रॉपर हवेतच थांबला.

नवा प्रोग्रामर आला. "मूळ ओळ बदलली तर सगळंच पुन्हा तपासावं लागेल. तोवर पेनाने दुरुस्त करा ना."

"आणि मी सुट्टीवर असले तर?" सिस्टरनी विचारले.

"भिंतीवर सूचना लावा."

सूचना लागली. पंख्याच्या वाऱ्याने ती कधीच कपाटामागे पडली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जाहीर करताना उद्या कोण येईल याचाही विचार करा. आणि गरज बदलली की आमची ती एक ओळ उघडून पाहा. आम्हाला स्वतःला बदलता येत नाही.

आज त्या सिस्टर सुट्टीवर आहेत. खुर्चीवर कोणी नवीन बसले आहे आणि घाईत आहे. कीबोर्डवर बोटे चालू लागली. शून्य. टिंब. पाच.

कोणीतरी चिठ्ठी मोठ्याने वाचा हो.