अर्धी कापलेली वचनं

मी डबी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, मसाल्याची तर मुळीच नव्हे. माझ्या पोटात पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं आहेत, शंभरेक जाड चिठ्ठ्यांवर लिहिलेली. त्याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा माफ करा.

खानापूरच्या एका सुताराने लेकीच्या लग्नासाठी फणसाच्या लाकडातून मला घडवलं. काम आटोपलं की तो शास्त्र उघडून वाचायचा आणि लेक, म्हणजे आमची तानूबाई, एकेक वचन चिठ्ठीवर उतरवायची. टपोरं अक्षर तिचं. शाई अजून फिकी पडलेली नाही.

आता आम्ही बेंगळुरूत, महादेवपुऱ्यात, तानूबाईच्या मुलाकडे राहतो. हा अभिजीत एका आयटी पार्कात एसी दुरुस्त करायचा. त्याची बायको पवित्रा शाळेत शिकवते. घरचा रिवाज असा, की सकाळी चहाआधी एकाने डोळे मिटून चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांत मागे ठेवायची. माणसं मोठी गमतीची. डोळे मिटतात खरे, पण आंबे निवडावेत तशा दोन-तीन चिठ्ठ्या आधी चाचपून बघतात.

गेल्या वर्षी अभिजीत शिडीवरून पडला. कण्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पाय परत चालतील, पण व्यायाम आत्ताच केला तर. उशीर झाला की पाय आखडून बसतील.

तेव्हा तानूबाईच्या हातून चूक झाली. एका दुपारी पवित्रा शाळेत होती, अभिजीतला डोळा लागला होता. तिने मला मांडीवर घेतलं आणि कात्रीने चिठ्ठ्या कापायला सुरुवात केली. पाणी, आग, संकट, रडणं असलं काही दिसलं की तो भाग बाजूला, नुसता दिलाशाचा भाग परत माझ्यात. स्वतः लिहिलेलं स्वतःच कापत होती! मला ओरडावंसं वाटलं. पण कापण्याआधी ती प्रत्येक चिठ्ठीवरून बोट फिरवत होती, त्यामुळे मला तिचा रागही येईना.

त्यानंतर अभिजीतच्या हाती रोज गोडच गोड येऊ लागलं. घाबरू नको, सगळं नीट होईल, बळ मिळेल. तो मात्र दिवसेंदिवस चिडत गेला. व्यायाम शिकवायला येणारे दयानंद म्हणायचे, "अण्णा, स्वल्प, थोडं उठून बसा," तर हा भिंतीकडे तोंड करायचा. एके सकाळी त्याने मला पलंगावरून भिरकावलंच.

"ज्याला कधी काही लागलंच नाही त्याच्या गप्पा या! मला नको ही डबी."

विखुरलेल्या चिठ्ठ्या गोळा करताना पवित्राला कापलेल्या कडा दिसल्या.

"आई, हे काय?"

तानूबाई रडायलाच लागली. "माझं लेकरू आधीच पडलंय गं. त्याला आणखी संकटं कशाला वाचायला लावू?" तिने गीतांच्या पुस्तकात जपलेले तुकडे काढून दिले. फेकायची तिची छाती झाली नव्हती.

पवित्रा त्या दिवशी शाळेत गेली नाही. फरशीवर बसून तिने जोड्या लावल्या, टेपने चिकटवल्या आणि पहिली जोडलेली चिठ्ठी अभिजीतपुढे धरली. खोल पाण्यातून जावं लागेल, असं तिच्या वरच्या भागात होतं. तेव्हा मी सोबत राहीन, असं खालच्या.

त्याने ती दोनदा वाचली. "म्हणजे पाणी लागणार हे आधीच सांगितलंय?"

"होय. सोडणार नाही हेही सांगितलंय," पवित्रा म्हणाली. "आता तुम्ही पण सोडू नका."

"सरी, ठीक आहे. दयानंदांना फोन लाव."

आज माझी अवस्था काही देखणी नाही. टेपने चिठ्ठ्या फुगल्यात, झाकण पुरतं बसत नाही. अभिजीत वॉकर धरून चालतो, पडतो, सगळ्यांवर वैतागतो, पुन्हा उठतो. पूर्ण बरा होईल असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. एवढीच विनंती करते, की दुखणाऱ्या माणसाला अख्खं वचन वाचू द्या. कडू भाग सोसायची ताकद त्याच्यात असते.

हल्ली मी पलंगासमोरच्या खिडकीत असते. आज सकाळी तानूबाई मला उचलून पलंगाकडे न्यायला आली, तेवढ्यात वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"आई, ठेव ती तिथंच," अभिजीत म्हणाला. "मी येतो."